उराकामीचा होमबली

नागासाकी शहराच्या उत्तर भागात उराकामी नावाचे एक खोरे आहे. दि. २३ नोव्हेंबर १९४५ रोजी ह्या खोऱ्यात, मोडून पडलेल्या महामंदिराच्या शेजारी, उघड्या आकाशाखाली मृतांसाठी मिस्साबली अर्पण करण्यात आला. अणुबॉम्ब पडून साडेतीन महिने झाले होते. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० जण त्या एका बॉम्बने मरण पावले होते. जे उरले होते त्यांच्या वतीने डॉ. ताकाशी नागाई नावाच्या एका सामान्य विश्वासणाऱ्याने भाषण केले, आणि त्या भाषणात त्याने एक शब्द वापरला. ‘हान्साई’ हा तो जपानी शब्द. जपानी ख्रिस्ती लोक जुन्या करारातील होमबलीसाठी, म्हणजे वेदीवर संपूर्णपणे जाळून अर्पण केल्या जाणाऱ्या बलीसाठी, तो योजतात. नागाई म्हणाला की, उराकामी हा युद्धाच्या पापासाठी अर्पिलेला निष्कलंक कोकरा होय. देवाने त्याला निवडले, ह्याबद्दल आपण आभार मानावेत.

हे बोलणे योग्य होते काय? जपानमध्ये ह्या प्रश्नावर पुढे पुष्कळ वाद झाला. साथ, पूर, भूकंप वा अपघात झाला की कबरेपाशी उभे राहून आपणांस काही ना काही बोलावेच लागते. म्हणून हा प्रश्न केवळ परक्या देशाचा राहत नाही. परंतु त्याचा विचार करण्यापूर्वी ते खोरे कोणाचे होते आणि तो बॉम्ब कसा तयार झाला, हे नीट पाहिले पाहिजे.

संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली गोव्याहून निघाले आणि १५ ऑगस्ट रोजी कागोशिमा येथे उतरले. त्यांच्याबरोबर गोव्यातच बाप्तिस्मा घेतलेला आंजिरो हा जपानी गृहस्थ होता. पुढील पन्नास वर्षांत नागासाकी हे जपानी ख्रिस्ती लोकांचे मुख्य ठिकाण झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांतील एक आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया होत. ते जेजुइट फादरांबरोबर जपानमध्ये प्रथम धर्मशिक्षक म्हणून राबले आणि नंतर फ्रान्सिस्कन बंधू झाले, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. १६१४ च्या बंदीहुकमानंतर धर्मगुरू हाकलले गेले किंवा मारले गेले. मागे उरलेल्या खेडुतांनी सुमारे अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून श्रद्धा टिकविली. एकजण पवित्र दिवसांचे पंचांग सांभाळी, दुसरा बाप्तिस्मा देई, तिसरा निरोप पोहोचवी. ख्रिस्ताची वा मरियेची प्रतिमा पायाखाली तुडविण्याची सक्ती त्यांच्यावर केली जात असे. ते ती तुडवीत आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना करीत.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील नव्या ओउरा मंदिरात काही उराकामीकर आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ ह्यांस हळूच आपली ओळख दिली. परंतु बंदी उठली नव्हती. १८६७ पासून पुन्हा धरपकड झाली. सुमारे ३,४०० उराकामीकरांना देशाच्या निरनिराळ्या भागांत हद्दपार करण्यात आले आणि त्यांपैकी सहाशेहून अधिक परत आले नाहीत. १८७३ मध्ये बंदी उठल्यावर परतलेल्यांनी, ज्या गावप्रमुखाच्या आवारात त्यांच्या पूर्वजांना प्रतिमा तुडवाव्या लागल्या होत्या, तीच जागा विकत घेतली. १८९५ मध्ये तेथे महामंदिराचे काम सुरू झाले व १९१४ मध्ये ते पुरे झाले. लोकांनी पैसा पैसा करून ते बांधले. १९४५ साली बॉम्ब पडला तो ह्या मंदिरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

आता बॉम्बाकडे वळू. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ओट्टो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान ह्यांनी युरेनियमच्या अणुगर्भाचे विभाजन होते असे प्रयोगाने दाखविले. ह्या प्रयोगाचा अर्थ लाविला तो लीझ माइट्नर व त्यांचे भाचे ओट्टो फ्रिश ह्यांनी. माइट्नरबाई ज्यू वंशाच्या असल्याने त्यांना त्याच वर्षी जर्मनी सोडावी लागली होती. हिटलरच्या हाती हे ज्ञान प्रथम पडेल ही भीती निर्वासित शास्त्रज्ञांना सर्वांत अधिक होती, आणि ती अनाठायी नव्हती. २ ऑगस्ट १९३९ चे आइन्स्टाइन ह्यांच्या सहीचे पत्र, जे लिओ झिलार्ड ह्यांनी पुढाकार घेऊन अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांस लिहविले, ते ह्याच भीतीतून निघाले.

मार्च १९४० मध्ये फ्रिश व रुडॉल्फ पायर्ल्स ह्यांनी बर्मिंगहॅम येथे एक टिपण लिहिले. काही किलोग्रॅम शुद्ध केलेल्या युरेनियमचा बॉम्ब होऊ शकेल, असे त्यांनी गणिताने दाखविले. त्याच टिपणात त्यांनी असेही नमूद केले की, मोठ्या संख्येने नागरिक मारल्यावाचून हे शस्त्र बहुधा वापरता येणार नाही, आणि म्हणून ते ह्या देशाने वापरण्यास अयोग्य ठरू शकेल. बॉम्बाच्या पहिल्या व्यवहार्य आराखड्यातच त्याच्याविरुद्धचा नैतिक आक्षेप लिहिला गेला होता. पुढे कोणालाही ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ असे म्हणता येणार नाही.

१९४२ मध्ये अमेरिकेच्या लष्कराने हे काम ‘मॅनहॅटन’ ह्या नावाखाली हाती घेतले आणि जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज त्याचे प्रमुख झाले. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्रिको फेर्मी ह्यांनी नियंत्रित शृंखलाक्रिया घडवून दाखविली. टेनेसीतील ओक रिज येथे युरेनियमचे शुद्धीकरण, वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्ड येथे प्लुटोनियमची निर्मिती, आणि न्यू मेक्सिकोतील लॉस अ‍ॅलामोस येथे रॉबर्ट ओपेनहायमर ह्यांच्या देखरेखीखाली बॉम्बाची रचना, अशी कामाची विभागणी होती. ऐन भरात सुमारे १,३०,००० माणसे राबत होती आणि एकूण खर्च सुमारे २०० कोटी डॉलर झाला. युरेनियमचा बराचसा भाग बेल्जियन काँगोतील शिंकोलोब्वे खाणीतून आला. बॉम्बाच्या इतिहासात काँगोच्या त्या खाणमजुरांचे नाव क्वचितच कोणी घेते.

जर्मनी बॉम्ब तयार करीत नाही हे १९४४ च्या अखेरीस कळून चुकले होते. तेव्हा जोसेफ रॉटब्लाट ह्या पोलिश शास्त्रज्ञाने लॉस अ‍ॅलामोस सोडले. ज्या भीतीपोटी काम आरंभिले ती सरली, मग काम कशासाठी, असा त्यांचा साधा विचार होता. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली. तरीही काम थांबले नाही, उलट वेग वाढला. जून १९४५ मध्ये शिकागो येथील जेम्स फ्रांक ह्यांच्या समितीने प्रथम निर्मनुष्य जागी बॉम्बाचे प्रात्यक्षिक दाखवावे असे सुचविले, आणि १७ जुलै रोजी झिलार्ड व त्यांचे ६९ सहकारी ह्यांनी अध्यक्षांच्या नावे अर्ज लिहिला. सूचना मान्य झाली नाही, आणि अर्ज अध्यक्ष ट्रूमन ह्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

१६ जुलै १९४५ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिली चाचणी झाली. ओपेनहायमर ह्यांना त्या प्रसंगी भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील कालरूपाचे वचन आठवले, ही गोष्ट आपल्या देशात पुष्कळ सांगितली जाते. ती त्यांनी स्वतः वीस वर्षांनंतर एका मुलाखतीत सांगितली होती. परंतु ओपेनहायमर ह्यांनीच चाचणीला जे नाव दिले होते, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. ते नाव होते ‘ट्रिनिटी’, म्हणजे पवित्र त्रैक्य. हेच का, असे ग्रोव्ह्ज ह्यांनी विचारले असता, जॉन डन ह्या इंग्रज धर्मगुरू-कवीच्या भक्तिकाव्याचे स्मरण होते, असे काहीसे संदिग्ध उत्तर त्यांनी १९६२ साली लिहिले. ज्या नावाने आपण बालकांना बाप्तिस्मा देतो ते नाव त्या पहाटेला चिकटले आहे आणि आता ते पुसता येणार नाही.

नागरी वस्ती हे लक्ष्य मानण्याची सवय मात्र बॉम्बाने लावली नाही. ती आधीच लागली होती. ९ व १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर आगबॉम्ब टाकून सुमारे एक लाख माणसे जाळण्यात आली होती. त्यापूर्वीच, ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल ह्यांनी ब्रिटिश उमराव-सभेत जर्मन शहरांवरील सरसकट बॉम्बवर्षावाचा निषेध केला होता, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील जेजुइट नीतिशास्त्रज्ञ फादर जॉन फोर्ड ह्यांनी असा बॉम्बवर्षाव निरपराधांची हत्या ठरतो असे शास्त्रशुद्ध रीतीने मांडले होते. म्हणजे ख्रिस्तमंडळी अगदीच मुकी नव्हती. तिचे बोलणे थोडक्यांनी केले आणि थोडक्यांनी ऐकले, इतकेच.

पॅसिफिक महासागरातील टिनियन बेटावरून ही विमाने उडाली. ५ ऑगस्टच्या मध्यरात्री हिरोशिमाला निघणाऱ्या वैमानिकांसमोर लुथरन लष्करी धर्मगुरू कॅप्टन विल्यम डाउनी ह्यांनी प्रार्थना केली. आकाशाच्या उंचीवर जाणाऱ्यांचे रक्षण व्हावे, युद्ध लवकर संपावे, आणि सर्वांनी सुखरूप परत यावे, असा तिचा आशय होता. प्रार्थनेत वावगे असे काय आहे? आपल्यापैकी कोणीही, समोर तरुण मुले उभी असता, अशीच प्रार्थना केली असती. जे खाली होते त्यांचा उल्लेख तीत नव्हता, एवढेच तिच्यात उणे होते. त्याच तळावर फादर जॉर्ज झाबेल्का हे कॅथलिक लष्करी धर्मगुरू होते. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

६ ऑगस्ट रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी हिरोशिमावर युरेनियमचा बॉम्ब फुटला. १९४५ सरेपर्यंत त्या शहरात सुमारे १,४०,००० माणसे मरण पावली. शहराबाहेरच्या नागात्सुका येथील जेजुइट उमेदवारगृहात फादर पेद्रो आरूपे होते. त्यांनी तरुणपणी वैद्यकाचा अभ्यास केला होता. त्यांनी घराचा दवाखाना केला आणि हाताशी असलेल्या थोड्याशा औषधांवर दीडशेच्या वर जखमींची शुश्रूषा केली. पुढे तेच जेजुइट संघाचे सर्वाधिकारी झाले.

९ ऑगस्टच्या दुसऱ्या बॉम्बाचे लक्ष्य कोकुरा हे शहर होते. तेथे धूर व ढग ह्यांमुळे लक्ष्य दिसेना. तीन फेऱ्यांनंतर, इंधन कमी होत असता, मेजर चार्ल्स स्वीनी ह्यांनी विमान नागासाकीकडे वळविले. तेथेही ढगच होते. ढगांत फट दिसताच बॉम्ब सोडला गेला आणि ठरलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामीवर, ११ वाजून २ मिनिटांनी फुटला. स्वीनी स्वतः कॅथलिक होते. त्या वेळी महामंदिरात दोन धर्मगुरू, १५ ऑगस्टच्या मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून, लोकांचे पापनिवेदन ऐकत होते. त्या मंदिरातून कोणीही जिवंत बाहेर आले नाही. जपानच्या इतिहासातील सर्व छळांत मिळून जे झाले नाही ते एका क्षणात झाले: उराकामीची मंडळी जवळजवळ नाहीशी झाली. नागासाकीत वर्षअखेरपर्यंत सुमारे ७०,००० माणसे मेली.

त्याच दिवशी अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या संघाचे सरचिटणीस सॅम्युएल कॅव्हर्ट ह्यांनी अध्यक्षांस तार करून, आणखी बॉम्ब टाकण्यापूर्वी जपानला विचार करण्यास वेळ द्यावा, अशी विनंती केली. ट्रूमन ह्यांचे ११ ऑगस्टचे उत्तर कठोर होते. शत्रू पशूसारखा असेल तर त्याला पशूसारखेच वागविले पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. तथापि १० तारखेसच त्यांनी आपल्या परवानगीवाचून तिसरा बॉम्ब टाकू नये असा हुकूम दिला होता. आणखी एक लाख माणसे, त्यांत ती सारी मुले, मारण्याचा विचार आपणांस सहन होत नाही, असे ते मंत्रिमंडळात बोलल्याची नोंद एका मंत्र्याच्या रोजनिशीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

बॉम्बाने युद्ध संपविले की ९ ऑगस्ट रोजीच रशियाने केलेल्या चढाईने, ह्यावर इतिहासकारांचे एकमत नाही. आक्रमण करावे लागले असते तर किती सैनिक मेले असते ह्याचे आकडेही निरनिराळे सांगितले जातात. जपानी सैन्याने नानजिंग व मनिला येथे जे केले ते विसरून ह्या प्रश्नाचा विचार करणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु मनिलाच्या मृतांचा हिशेब उराकामीतील शाळकरी मुलींकडून वसूल करता येतो काय, हा प्रश्न आकड्यांनी सुटत नाही. रायनहोल्ड नीबूर ह्यांसारखे युद्धाचे समर्थक ज्या समितीत होते, त्या अमेरिकन ईश्वरविद्या-पंडितांच्या समितीनेही मार्च १९४६ मध्ये, हे दोन बॉम्ब टाकून आपण देवाच्या नियमाविरुद्ध व जपानच्या लोकांविरुद्ध घोर पाप केले, अशी कबुली दिली.

आता पुन्हा नागाईकडे. हा क्ष-किरणांचा डॉक्टर होता. तरुणपणी तो निरीश्वरवादी होता आणि १९३४ साली त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याची पत्नी मिदोरी उराकामीच्या गुप्त ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या घराण्यातील होती. क्ष-किरणांच्या कामामुळे त्याला रक्ताचा कर्करोग झाल्याचे बॉम्बापूर्वीच, जून १९४५ मध्ये, कळले होते. बॉम्ब पडला तेव्हा तो वैद्यकीय महाविद्यालयात होता. जखमी अवस्थेतही त्याने रुग्णांना आधी पाहिले. पुढे घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या राखेत त्याला मिदोरीच्या अस्थी सापडल्या. त्यांच्याजवळ वितळलेली जपमाळ होती.

त्याच्या भाषणाची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. नागासाकीतील अनेक अख्रिस्ती लोक म्हणत होते की, बॉम्ब उराकामीवर पडला तो शहरातील सुवा देवळाला न मानणाऱ्यांवर झालेला दैवी कोप होय. युद्धावरून परतलेला, पत्नी व मुले गमावलेला एक उराकामीकर हेच ऐकून नागाईकडे आला होता. माझी माणसे पापी होती म्हणून मेली काय, असे त्याच्या मनात सलत होते. त्याला नागाईने ह्या शब्दाने उत्तर दिले: कोप नव्हे, होमबली. बॉम्ब दुसऱ्या शहरासाठी होता, ढग आले, तो येथे पडला. मध्यरात्री महामंदिर जळाले आणि त्याच सुमारास सम्राटाने शरण जाण्याचा निर्णय घेतला. युद्ध संपले ते १५ ऑगस्टला, मरियेच्या सणाच्या दिवशी. ह्यात ईश्वराचा हात नाही काय? भाषणाचा शेवट त्याने ईयोबाच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायातील शरणागतीच्या वचनाने केला. तो सैनिक समाधान पावून गेला, असे नागाईने लिहिले आहे. प्रस्तुत लेखकाला त्या समाधानावर शंका घेण्याचा अधिकार वाटत नाही.

तथापि एका दुःखिताने दुसऱ्यास दिलेले सांत्वन हे सर्वांनी सर्वांस सांगण्याचा सिद्धांत झाले, तेथे अडचण सुरू झाली. नागाईचे पुस्तक १९४९ मध्ये अमेरिकन ताबा-सरकारच्या परवानगीने, मनिलातील जपानी अत्याचारांची पुरवणी जोडून, प्रसिद्ध झाले आणि देशभर गाजले. सरकारला हे सांत्वन सोयीचे होते, कारण ज्या बलीचा अर्पणकर्ता देवच आहे त्याबद्दल माणसास कोण जाब विचारणार? १९७२ मध्ये यामादा कान ह्या नागासाकीच्या कवीने आणि पुढे ताकाहाशी शिंजी ह्या तत्त्वज्ञाने हाच आक्षेप घेतला: ह्या शिकवणुकीने बॉम्ब टाकणारेही सुटले आणि युद्ध आरंभिणारेही सुटले.

शास्त्राच्या दृष्टीनेही येथे थांबून विचार करावा लागतो. लेवीयाच्या नियमात होमबली आणणारा तो स्वेच्छेने आणतो आणि याजक तो वेदीवर चढवितो. उराकामीत आणणारा कोण आणि याजक कोण? टिनियनवरील वैमानिकांना आपण वेदीपाशी उभे आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. शिवाय इब्री लोकांस पत्राचा सारा युक्तिवाद असा आहे की, ख्रिस्ताने एकदाच अर्पिलेल्या बलीनंतर पापासाठी दुसरे अर्पण उरत नाही. मग युद्धाच्या पापासाठी आठ हजार कोकरे आणखी लागली, असे कसे म्हणावे? कलस्सैकरांस पत्रात पौल ख्रिस्ताच्या क्लेशांतील उणे भरून काढण्याविषयी लिहितो हे खरे, आणि नागाईचे समर्थक त्याचा आधार घेतात. परंतु पौल तेथे स्वतःच्या देहाविषयी बोलतो, शेजाऱ्याच्या नव्हे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले तेव्हा ते इतरांहून अधिक पापी होते काय, हा प्रश्न प्रभूने नाकारला. ते इतरांहून अधिक पवित्र होते म्हणून निवडले गेले, असेही त्याने म्हटले नाही. आणि ईयोबाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय नागाईने घेतला तो योग्यच. पण त्यापुढे एकेचाळीस अध्याय आहेत, त्यांत ईयोब देवाशी वाद घालतो, आणि अखेर देव त्याच्या वाद न घालणाऱ्या मित्रांवर रागावतो.

नागाई १ मे १९५१ रोजी वारला. अखेरची वर्षे त्याने एका लहानशा झोपडीत काढली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याच्या आज्ञेवरून त्याने तिचे नाव ठेवले होते. त्याच्या पवित्रतेविषयी वाद नाही. त्याने आपल्या पत्नीच्या अस्थी हाती घेऊन जे म्हटले ते आपण दुसऱ्याच्या पत्नीच्या अस्थींविषयी म्हणावे काय, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि माझे उत्तर नकारार्थी आहे.

उराकामीत पुष्कळ वर्षे ह्या शब्दाने तोंडेही बंद केली. आभार मानावयाचे तर तक्रार कशी करावी? २५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल हिरोशिमास आले आणि युद्ध हे माणसाचे कृत्य आहे असे त्यांनी जपानी भाषेत स्पष्ट सांगितले. दुसऱ्या दिवशी ते नागासाकीत होते आणि बर्फ पडत होते. माणसाचे कृत्य, म्हणजे देवाचे नव्हे. हे ऐकल्यावर कित्येक वृद्ध कॅथलिक प्रथमच त्या दिवसाविषयी बोलू लागले.

आणि फादर झाबेल्का? युद्धानंतर ते मिशिगन राज्यात धर्मगुरू म्हणून काम करीत राहिले. हळूहळू त्यांना दिसू लागले की, टिनियनवर असताना नागरिकांच्या हत्येविरुद्ध आपण एकही प्रवचन केले नाही. वैमानिकांना ते बॉम्ब टाका असे कधी म्हणाले नव्हते. टाकू नका असेही म्हणाले नव्हते. त्यांचे पापनिवेदन ऐकले, त्यांना ख्रिस्तशरीर दिले, आणि गप्प राहिले. १९८० मध्ये त्यांनी हे छापून जाहीर कबूल केले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये ते जपानला गेले आणि तेथील लोकांजवळ त्यांनी क्षमा मागितली. ते १९९२ मध्ये वारले.

उराकामी महामंदिराला दोन मनोरे व दोन घंटा होत्या. एक घंटा ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि १९४५ च्या नाताळच्या आदल्या रात्री लोकांनी ती लाकडी तिकाटण्यावर टांगून वाजविली. दुसरी फुटली होती. १९५९ मध्ये मंदिर पुन्हा बांधले, पण दुसरा मनोरा रिकामाच राहिला. अणुबॉम्बाच्या कामावर असलेल्या एका अमेरिकन डॉक्टरच्या नातवाने अमेरिकेतील कॅथलिकांकडून वर्गणी जमवून नवी घंटा पाठविली. ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी, ऐंशी वर्षांनंतर, दोन्ही घंटा बरोबर वाजल्या.